ऑर्डर फॉर्ममधली शर्यत: आबांबरोबर सहा दिवस

पहिला दिवस (मंगळवार): नोव्हाय ते बोलिंग ग्रीन

पहाटे साडेपाचला निघालो. आबा साडेचारलाच आंघोळ उरकून, स्वेटर घालून सोफ्यावर बसले होते. ऑगस्टात मिशिगनला स्वेटर लागत नाही, पण गाडीतल्या एसीवर त्यांचा विश्वास नाही. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा, आणि आबांच्या वरच्या खिशात नेहमीची छोटी डायरी.

त्या डायरीबद्दल आधी सांगायला हवं. आबांनी चाळीस वर्षं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगचं मशिन चालवलं. जीप, ट्रॅक्टर, ट्रक, डिझेल इंजिनं, जे येईल त्याचा ब्लॉक बोअर करायचा, लायनर ठोकायचा, क्रँक घासायची. प्रत्येक कामाची नोंद डायरीत एका ओळीत व्हायची: गाडी, बोअर, किती ओव्हरसाइज, तारीख. मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरणारी पोरं रात्री शटर अर्धं खाली ओढल्यावर यायची. "आबा, हेड जरा घासून द्या." हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, गाडी उठते. त्या कामांची नोंदही डायरीत असायची, फक्त गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी एक आकडा. मी बाजूला डब्यावर बसून हे बघत मोठा झालो. पुढे इंजिनिअर होऊन मिशिगनला आलो, तेही त्या डब्यावरूनच आलो असं मी मानतो.

तो नावाच्या जागचा आकडा माझ्या डोक्यात राहिला असावा. गेली दहाबारा वर्षं मला जुन्या कॉर्व्हेटच्या, म्हणजे शेव्हरलेच्या स्पोर्ट्स गाडीच्या, ऑप्शन कोडचं वेड आहे. शेव्हरले कंपनीच्या ऑर्डर फॉर्मवर प्रत्येक जादा वस्तूला 'रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन', म्हणजे आरपीओ, नावाचा क्रमांक असे. रेडिओ, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, काचा वरखाली करायची मोटर. आणि त्याच यादीत, त्याच टाइपात, अशी एखादी ओळ की जिच्यापुढे खूण केली तर कारखान्यातून थेट शर्यतीची गाडी बाहेर पडे. विक्रेत्यालाही बरेचदा ती ओळ माहीत नसायची. ज्याला कोड ठाऊक, त्यालाच गाडी मिळे.

यंदा आबा तीन महिन्यांसाठी आलेत. ही इंजिनं त्यांना दाखवायची, त्यांचे हात लावलेले चालले तर लावू द्यायचे, एवढाच बेत. बोलिंग ग्रीनचं म्युझियम, कार्लाइलचा मेळावा आणि फिलाडेल्फियातली एक गाडी.

टोलीडो मागे पडल्यावर ओहायो सपाट होत जातो. मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन. आबा सोयाबीनकडे बघून म्हणाले, "शिरोळकडं असंच दिसतंय." सिनसिनाटीला ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरलो. एलिझाबेथटाउन सोडल्यावर पुढे वेळेची रेषा लागते, घड्याळ एक तास मागे जातं. आबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, काटा फिरवला आणि डायरीत लिहिलं, 'एक तास मिळाला'. पावणेपाचशे मैल झाले होते. मोटेलवर पोचून धपाटे संपवले आणि झोपलो.

दुसरा दिवस (बुधवार): बोलिंग ग्रीन

नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम हमरस्त्यावरूनच दिसतं. पिवळा शंकूसारखा घुमट आणि त्यातून तिरका वर गेलेला लाल सुळका. समोरच कॉर्व्हेटचा कारखाना. १९५३ साली पहिल्या ३०० गाड्या मिशिगनमधल्या फ्लिंटला हाताने जुळवल्या, १९५४पासून सेंट लुईसला, आणि १९८१पासून इथे.

१९५३ची गाडी आबांना आवडली नाही. पांढरा रंग, देखणी बॉडी, पण खाली सहा सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक. "बॉडी चांगली आहे. आत दम न्हाई." त्या काळातही एका माणसाला नेमकं हेच वाटलं होतं. झोरा आर्कुस-डुन्टोव्ह. ब्रसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा इंजिनिअर १९५३च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात ही गाडी बघून भारावला, आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये, म्हणजे शेव्हरलेच्या मूळ कंपनीत, नोकरीला लागला. डिसेंबरात त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. त्याचा विषय होता तरुण पोरं, हॉट रॉडवाले आणि शेव्हरले. म्हणणं थोडक्यात असं: गॅरेजात बसून गाड्या पळवणारी पोरं फोर्डच्या इंजिनांवर वाढली आहेत. त्यांना आपल्याकडे आणायचं तर जाहिरात पुरणार नाही. कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, ब्रेक असे शर्यतीचे भाग कंपनीने स्वतः बनवून काउंटरवर विकायला ठेवले पाहिजेत.

मी हे सांगत होतो तेव्हा आबा भिंतीवरच्या डुन्टोव्हच्या फोटोकडे बघत होते. पांढरे केस, हसरा चेहरा. १९९६ साली तो गेला, त्याचा रक्षाकलश याच म्युझियममध्ये ठेवलेला आहे. आबांनी चप्पल काढून हात जोडले. मीही जोडले.

त्या टिपणातून पुढे जे उगवलं त्यातलं १९५७चं पीक मला सर्वांत प्रिय. त्या वर्षी कॉर्व्हेटला रॉचेस्टरचं फ्युएल इंजेक्शन मिळालं. २८३ घन इंचाचं व्ही-८ इंजिन आणि अश्वशक्तीही २८३. इंजेक्शनचा कोड ५७९, आणि त्याच्यापुढे 'ई' हे अक्षर लावलं की गाडीच वेगळी येई. बॉनेटखाली डाव्या फेंडरच्या आतल्या अंगाला फायबरग्लासची एक लांबट पेटी बसवलेली असे. रेडिएटरच्या शेजारून बाहेरची थंड हवा या पेटीत शिरायची आणि तिथून इंजेक्शनला जायची. बॉनेटखालची तापलेली हवा इंजिनाला द्यायचीच नाही. थंड हवा दाट असते, दाट हवेत जास्त पेट्रोल जळतं. आबांना हे सांगावं लागलं नाही. "लेथवर हवा मारायला कॉम्प्रेसर बाहेर गल्लीत का ठेवायचो आपण? आतली हवा गरम." आरपीएमचा काटा डॅशबोर्डवरून काढून स्टिअरिंगच्या दांड्यावर, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर बसवलेला. रेडिओ नाही, हीटर नाही. अशा गाड्या बनल्या फक्त ४३.

सोबत ६८४ क्रमांकाची ओळ होती, जड सस्पेन्शन आणि ब्रेकची. ब्रेकच्या लायनरमध्ये सिरॅमिक आणि धातूचं मिश्रण, ड्रमला उष्णता उडवणारी पाती, आणि ब्रेकपर्यंत वारा पोचवायला नळ्या. हा माल १९५७च्या मार्चमध्ये फ्लॉरिडात सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरला. जुन्या लष्करी धावपट्टीवरचा तो काँक्रीटचा खडबडीत मार्ग. डिक थॉम्पसन आणि गॅस्टन आंद्रे यांची कॉर्व्हेट तिच्या वर्गात पहिली आली, एकूणात बारावी.

आणि मग जूनमध्ये दार बंद झालं. अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांच्या संघटनेने ठराव केला की यापुढे कोणत्याही कंपनीने शर्यतीत भाग घ्यायचा नाही, मदत करायची नाही, जाहिरातीत शर्यतीचं नाव काढायचं नाही. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत प्रेक्षकांत गाडी घुसून ऐंशीहून अधिक माणसं मेली होती. त्या भयाची सावली या ठरावावर होती, आणि ती खोटी नव्हती. पण यादी मात्र राहिली. शर्यतीचा संघ नको, शर्यतीचं नाव नको, फॉर्मवरच्या क्रमांकांना कोणी हरकत घेतली नाही. पुढची बारापंधरा वर्षं जे जे विलक्षण बनलं ते त्या क्रमांकांच्या आड बनलं. मी याला फसवणूक म्हणायला तयार नाही. काम येणाऱ्या माणसांना काम करायचं होतं.

आबा म्हणाले, "शटर अर्धं खाली."

दुपारी झेड-०६ या कोडची गाडी पाहिली. १९६३ची, मागची काच मधोमध दुभंगलेली. ही दुभंगलेली काच एकाच वर्षी आली. त्या वर्षी २१,५१३ कॉर्व्हेट बनल्या, त्यात झेड-०६ फक्त १९९. साधी कूपे सव्वाचार हजार डॉलरच्या घरात असताना या एका ओळीचे सुरुवातीला १,८१८ डॉलर ४५ सेंट पडायचे. त्यात काय काय होतं? ३६० अश्वशक्तीचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन घ्यावंच लागे. कडक स्प्रिंगा, जाड अँटी-रोल बार. आणि ब्रेक, ज्यांच्यापाशी आबा अर्धा तास बसले. डिस्क ब्रेक कॉर्व्हेटला १९६५ साली आले. त्याआधी ड्रमनेच भागवायचं, तर ड्रम थंड ठेवायला डुन्टोव्हच्या माणसांनी काय नाही केलं! ड्रमला बाहेरून पाती, मागच्या प्लेटला जाळीदार भोकं, त्यावर वारा आत ढकलणारे पत्र्याचे मोठे कान. हत्तीचे कान म्हणतात त्यांना. लायनर म्हणजे धातूची पूड दाबून भाजलेले छोटे छोटे तुकडे. मास्टर सिलिंडर दोन भागांचा, एक गळला तरी दुसऱ्यावर गाडी थांबावी म्हणून.

"थंडीत धरत नसणार हे ब्रेक," आबा म्हणाले. अगदी खरं. तापेपर्यंत ते धरत नाहीत, रस्त्यावर पहिल्या सिग्नलला पोटात गोळा येतो. शर्यतीत मात्र तापल्यावर शेवटपर्यंत टिकतात.

सीटमागे १३८ लिटरची पेट्रोलची टाकी, साध्या गाडीत ७६ लिटरची. डेटोना आणि सेब्रिंगच्या लांब शर्यतींत थांबे कमी व्हावेत म्हणून. सामान ठेवायची सगळी जागा ती खाते. अशी टाकी त्या वर्षी ६३ गाड्यांना लागली. अ‍ॅल्युमिनियमची, हातोडीने एकच नट उडवून काढायची चाकंही यादीत होती, पण ओतकाम सच्छिद्र निघालं आणि ट्यूबलेस टायरची हवा चाकाच्या धातूतूनच गळू लागली. हे ऐकल्यावर आबांचा चेहरा एकदम उद्यमनगरातला झाला. "पोरोसिटी. फाउंड्रीचा हाच त्रास. वरनं बघितलं तर आरशासारखं, आत ब्लो-होल. किती हेडं परत पाठवली मी." सहा दशकांपूर्वीच्या अमेरिकन ओतकामाच्या दुखण्याला त्यांनी असं नाव दिलं, तेव्हा मला या सगळ्या प्रवासाचं पहिलं समाधान मिळालं.

या म्युझियमच्या घुमटाखालची जमीन १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे खचली होती. हा सगळा मुलूख चुनखडीचा, जवळच मॅमथ केव्ह आहे, जमिनीखाली पाण्याने पोखरलेल्या गुहाच गुहा. फरशी फाटली आणि आठ गाड्या खाली गेल्या. आत कोणी नव्हतं. तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या, बाकीच्या पाच चेपल्या त्याच अवस्थेत जपल्या. चेपलेल्यांसमोर माणसं आवाज खाली आणून बोलत होती.

तिसरा दिवस (गुरुवार): मॉर्गनटाउनपर्यंत

दिवसभर गाडी. लेक्सिंग्टनचे घोड्यांचे हिरवे कुरण, मग चार्ल्सटन, मग उत्तरेला वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर. मिळालेला तास परत गेला, आबांनी काटा पुढे केला. संध्याकाळी धुकं उतरलं आणि त्यांना गगनबावडा आठवला. मॉर्गनटाउनला एका भारतीय दुकानात तूरडाळ मिळाली, खोलीतल्या छोट्या कुकरवर आमटी-भात केला.

चौथा दिवस (शुक्रवार): कार्लाइल

सकाळी मेरीलँडच्या घाटातून आलो. हॅनकॉकच्या अलीकडे साइडलिंग हिल नावाचा डोंगर रस्त्यासाठी वरपासून खालपर्यंत शंभर मीटरहून जास्त कापलाय. खडकांचे थर वाटीसारखे वाकलेले उघडे पडलेत. आबांनी गाडी थांबवायला लावली. कापलेल्या पृष्ठभागाकडे ते नेहमीच थांबून बघतात, मग तो लोखंडाचा असो की डोंगराचा.

दुपारी कार्लाइल. पेनसिल्व्हेनियातलं हे गाव ऑगस्टच्या शेवटी कॉर्व्हेटनी भरून जातं. जत्रेच्या मैदानावर हजारो गाड्या. रंगांची नुसती उधळण, आणि सगळीकडे मेण आणि पेट्रोलचा वास. जुन्या भागांच्या बाजारात आबा हरवले. मी घाबरून शोधत फिरलो तर ते एका टेबलाशी बसून एका म्हाताऱ्याबरोबर पिस्टन तपासत होते. म्हाताऱ्याला मराठी येत नाही, आबांना इंग्रजी जेमतेम. दोघांत मिळून एक व्हर्निअर. आबांनी पिस्टनचा स्कर्ट मोजला, आकडा दाखवला, म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पुढचा पिस्टन दिला.

मी एका बाकावर बसून त्यांना तासभर तसंच चालू दिलं.

पाचवा दिवस (शनिवार): कार्लाइल, एल-८८

ज्या गाडीसाठी मी हा सगळा वळसा घेतला, ती आज भेटली. १९६७ची एल-८८.

त्या वर्षीच्या फॉर्मवर मोठ्या, ४२७ घन इंची इंजिनांची रांग होती. त्यातलं एल-७१ हे ४३५ अश्वशक्तीचं म्हणून छापलेलं. एल-८८पुढे छापलेला आकडा ४३०. जास्त पैसे देऊन पाच अश्वशक्ती कमी कोण घेईल? कंपनीला हेच हवं होतं. ४३० हा आकडा कमी फेऱ्यांवर धरलेला. इंजिन मोकळं सोडलं की ते पाचशेच्या पुष्कळ वर जायचं. या ओळीचे ९४७ डॉलर ९० सेंट. अ‍ॅल्युमिनियमची हेडं, मोठा होली कार्बोरेटर, उंच उचलणारा कॅमशाफ्ट, आणि कॉम्प्रेशन साडेबाराला एक.

आबा थांबले. "किती?"

"साडेबारा."

"पेट्रोलवर?"

"१०३ ऑक्टेनचं. आत तशी सूचनाच चिकटवलेली असते. त्याखालचं घातलं तर इंजिन खराब होईल म्हणून."

ते काही वेळ गप्प राहिले. उद्यमनगरात साडेनऊच्या वर गेलं की पोराला बसवून समजावून सांगायचे ते: ठोके येतील, पिस्टनला भोक पडेल, शर्यत संपली की गास्केट दुहेरी टाक.

एल-८८ घेतली की बाकीची यादी आपोआप ठरायची. ट्रान्झिस्टर इग्निशन, जड ब्रेक, जड सस्पेन्शन, पॉझिट्रॅक्शन डिफरेन्शियल, आणि दगड फोडल्यासारखा आवाज करणारा एम-२२ गिअरबॉक्स. रेडिओ मागितला तरी मिळत नसे. हीटर काढून टाकलेला, आणि त्याचं कारण कंपनीच्या कागदावर सरळ छापलेलं होतं: वजन कमी व्हावं आणि गाडी रस्त्यावर वापरायचा मोह होऊ नये. रेडिएटरच्या पंख्याभोवतालचं कडंही नाही. वेगात वारा मिळतो तोवर ठीक, गर्दीत उभी राहिली की पाणी उकळू लागतं. मला या गाडीबद्दल जे खोल प्रेम आहे ते त्या पाचशे घोड्यांमुळे नाही. काय काय काढून टाकलं याच्या यादीमुळे आहे. एवढ्या मोठ्या कंपनीत कोणीतरी ठाम उभं राहिलं आणि म्हणालं, ही गाडी फक्त याच कामाची आहे, दुसऱ्या कामाला घेऊ नका.

१९६७ साली अशा फक्त २० गाड्या निघाल्या. १९६८ला ८०, १९६९ला ११६. तीन वर्षांत २१६. १९६७मध्येच डॉन येन्को आणि डेव्ह मॉर्गन यांनी एल-८८ घेऊन सेब्रिंगला जीटी वर्ग जिंकला. त्याच उन्हाळ्यात बॉब बॉन्ड्युरंट आणि डिक गुल्डस्ट्रँड यांनी एक ल मांला नेली. ती मुलसानच्या सरळ रस्त्यावर ताशी १७० मैलांच्या वर गेली, वर्गात पुढे होती, आणि रात्रीच इंजिन तुटलं. आज २०१३-१४च्या लिलावांत यांतल्या एकेका गाडीला तीस लाख डॉलरच्या वर भाव आल्याचं सगळे सांगतात. मला त्या आकड्याने काही होत नाही. पण त्या आकड्यामुळे खोट्या एल-८८ बनू लागल्या, हे मात्र मनाला लागतं.

खरी कशी ओळखायची? सेंट लुईसच्या कारखान्यातले प्रत्येक गाडीचे कागद कुणी जपले नाहीत. राहिला तो एक कागद, जो जपण्यासाठी नव्हताच. १९६७पासून जुळणी करणाऱ्या कामगारांसाठी ऑप्शनची यादी छापून ती पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवत. टाकी गाडीला लागली की कागद वर बॉडीखाली झाकला जाई. टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही. साठ वर्षांच्या ओलीत बहुतेकांचा लगदा झाला. या गाडीच्या मालकाने टाकी उतरवली तेव्हा अर्धा कागद शिल्लक होता, आणि त्या अर्ध्यात एल-८८ ही अक्षरं होती. त्याचा फोटो त्याने सीटवर ठेवला होता.

मी फोटो बघत होतो. आबांनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही. ते बॉनेटखाली वाकले. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते, तिथे इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. शेवटची दोन अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात. १९६७च्या एल-८८ला 'आय' आणि 'टी'. ती होती. पण अक्षरं कोणीही ठोकू शकतो, पंच बाजारात मिळतात.

आबांनी मालकाकडे बघून बोट दाखवलं. मालकाने हसून परवानगी दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइलची बॅटरी आडवी धरली, उजेड पृष्ठभागावरून घासत नेला. आणि मग नखाने त्या जागेवरून अगदी हळू एक रेघ ओढली.

"ब्रोच आहे," ते म्हणाले. ब्रोच म्हणजे सरळ ओढून पृष्ठभाग कापणारं हत्यार. "बघ. दोर सरळ, पुढनं मागं, एकमेकाला धरून. ब्लॉक फेस केला असता तर कटर गोल फिरतो, चंद्रकोरी दिसल्या असत्या. अक्षरं या दोरांच्या वरनं ठोकलीत. दोर अक्षराच्या कडेपर्यंत येतोय आणि दबतोय. हे कुणी नंतर केलेलं न्हाई."

मी मालकाला भाषांतर करून सांगितलं. तो आबांकडे बघतच राहिला. मग म्हणाला, की तज्ज्ञांनी हेच तपासून सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे भिंग होतं. त्याने आबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

खरं तर दिवस इथे संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी बाकावर लिंबूपाणी पिताना आबा एकदम म्हणाले, "मी आयुष्यात किती ब्लॉक फेस केले असतील. गास्केट बसायला पाहिजे म्हणून वरनं घेतलंच पाहिजे. त्या जागेवर काय लिहिलंय ते कधी बघितलं न्हाई. कुणाची खूण असंल, पुसून टाकली असंल." मी म्हणालो, आबा, गाड्या चालायला हव्या होत्या, तुमचं काम तेच होतं. ते बोलले नाहीत. डायरी काढून लिहीत बसले. गाडी, १९६७ कॉर्व्हेट. बोअर, सव्वाचार इंच. ओव्हरसाइज, स्टँडर्ड. पुढे नवीन रकाना आखून: कोड, एल-८८. त्याच्या वर मागच्या दिवसांच्या ओळी होत्या, ५७९-ई, ६८४, झेड-०६. मला दिसेल न दिसेल अशा बेताने त्यांनी मला ते पान दाखवलं.

रात्री मोटेलवर मी त्यांना झेडएल-१ची गोष्ट सांगितली. तेच ४२७ इंजिन, पण ब्लॉकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा. १९६९ साली कॉर्व्हेटमध्ये असे दोनच बसले. कॅमेरोत मात्र ६९, कारण इलिनॉयच्या ला हार्प या खेड्यातल्या फ्रेड गिब नावाच्या विक्रेत्याने एकदम ५० मागवल्या. नुसत्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर, गाडीच्या मूळ किमतीहून जास्त. गाड्या आल्या, बिल आलं, आणि खेड्यात गिऱ्हाईक मिळेना. बऱ्याचशा त्याला कंपनीला परत कराव्या लागल्या. आबांना त्या विक्रेत्याची काळजी वाटली. "पण मागवल्या म्हणून तर बनल्या," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

सहावा दिवस (रविवार): फिलाडेल्फिया

सिमिओन म्युझियम विमानतळाजवळ, गोदामांच्या वस्तीत आहे. डॉक्टर फ्रेडरिक सिमिओन हे मेंदूचे सर्जन. त्यांनी आयुष्यभर शर्यतीच्या गाड्या जमवल्या, पण त्यांचा आग्रह असा की गाडी पुन्हा नवी करायची नाही. रंग उडाला तर उडालेला ठेवायचा, पोचा तसाच. २०२२ साली ते गेले. गाड्या शर्यतीप्रमाणे मांडल्या आहेत: ल मां, सेब्रिंग, टार्गा फ्लोरिओ. सेब्रिंगला १९६४ साली जीटी वर्ग जिंकलेली, फोर्डच्या इंजिनाची निळी कोब्रा डेटोना कूपे तिथे आहे, त्या जातीच्या सहांपैकी पहिली. पण आम्ही आलो होतो तिच्या प्रतिस्पर्ध्यासाठी.

कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्ट, चासी क्रमांक दोन.

१९६२च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला झेड-०६ पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि डग हूपरने ती जिंकूनही दिली. पण त्याच शर्यतीत कोब्राही पहिल्यांदा आली होती, झेड-०६पेक्षा हजारभर पौंडांनी हलकी. डुन्टोव्हला कळलं की यादीतल्या ओळींनी आता भागणार नाही. त्याने नवी गाडी आखली. जाड नळ्यांची चासी, कागदासारखं पातळ फायबरग्लास, आतला सांगाडा पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा. वजन १,९०० पौंडांच्या आसपास, म्हणजे साध्या कॉर्व्हेटहून हजाराने कमी. जीटी वर्गात मान्यता मिळायला १०० गाड्या लागत, तो १२५ बनवणार होता. पाच झाल्या आणि १९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरच्या मजल्यावरून हुकूम आला, शर्यत बंद. त्या पाचांतल्या तीन तरीही वर्षअखेरीस बहामात नासाऊला खासगी संघाच्या नावाने पोचल्या आणि कोब्रांच्या पुढे गेल्या. तिथे शेव्हरलेचे इंजिनिअर सुटीवर आले होते. मग दुसरा, जास्त कडक हुकूम.

दोन क्रमांकाची ही गाडी डेटोनासाठी छप्पर कापून उघडी केलेली होती, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून. कंपनीने ती कधी शर्यतीत उतरवली नाही. पुढे ती रॉजर पेन्स्के आणि मग जॉर्ज विंटरस्टीन यांच्याकडे गेली. तिच्या कडेचं फायबरग्लास जिथे संपतं तिथे त्याची जाडी दिसते. आबांनी हात मागे बांधून, दोरीच्या अलीकडून, तीनदा प्रदक्षिणा केली. रंगाला तडे गेलेत, चाकाच्या कमानीला खडे लागल्याच्या खुणा आहेत.

मग त्यांनी डायरी काढली. गाडी, ग्रँड स्पोर्ट. साल, १९६३. किती बनल्या, पाच.

"कोड काय हिचा?"

"हिला कोड नाही आबा. ही फॉर्मवर आलीच नाही."

त्यांनी पेन्सिल थोडा वेळ तशीच धरली. मग तो रकाना मोकळा सोडला, तारीख घातली, आणि आम्ही मिशिगनच्या वाटेला लागलो.